शोधूनही न सापडणारे वऱ्हाड

मराठी मजकुराच्या एखाद्या डिजिटल संग्रहात 'वऱ्हाड' हा शब्द शोधावा. काही पाने हाती लागतील. मग तोच शब्द दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या कळफलकाने टंकून त्याच संग्रहात शोधावा. शोध अक्षरशः जुळणीवर चालत असेल, तर या वेळी निराळीच पाने समोर येतील. पडद्यावर दोन्ही वेळा अक्षरे तीच, वळण तेच, शुद्धलेखनही तेच. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. तिसरा प्रकार 'वर्हाड' असा डोक्यावर रफार घेऊन वावरणारा. तो डोळ्यांनाही खुपतो, पण आंतरजालावर त्याचाही सुकाळ आहे.

१८५३ साली निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेलेल्या या प्रांताला इंग्रजी दप्तराने 'बेरार' म्हटले आणि त्या नावाखाली सारे कागद एका जागी शोधता येतात. मराठीत, त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याचे नाव मात्र फुटलेले आहे. या फुटीला कोणी परका जबाबदार नाही. 'युनिकोड आले आणि मराठीचा प्रश्न सुटला' या सोयीस्कर वाक्यावर ठेवलेला अंधविश्वास तिला जबाबदार आहे.

हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे. कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबली असता कोणते अक्षर उमटते, हे सांगणारी कोष्टके असतात. टंकयंत्राच्या कळांचा आराखडा, जुन्या फॉन्टची संकेतसारणी, कळफलकाची नियमफाइल ही त्याचीच निरनिराळी रूपे. ही कोष्टके इतिहासाची साधने आहेत. ती जपल्याशिवाय, आणि रूपांतर करताना कोणते कोष्टक लावले हे सांगितल्याशिवाय, जुना मजकूर 'युनिकोडमध्ये आणणे' म्हणजे मूळ कागद फाडून नक्कल ठेवणे होय. नक्कल करणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी.

आधी वऱ्हाडचाच निकाल लावू. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतला आडवा अर्धा र ही मराठीची खास गरज. हिंदीला तो लागत नाही, नेपाळमधील नेवारीला लागतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या; 'आचार्यांना' दिलेली दक्षिणा वेगळी आणि 'आचाऱ्यांना' दिलेली मजुरी वेगळी. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली, तेव्हा या रची सोय नुक्ता असलेल्या 'ऱ' या अक्षराला हलन्त जोडून केली गेली. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला. त्यात 'ऱ'चा क्रमांक ०९३१. परंतु युनिकोडच्या २.० या आवृत्तीत दुसराही मार्ग होता : साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य, रुंदीच नसलेला जोडक. पुढे प्रमाणग्रंथाने इस्कीशी सुसंगती म्हणून पहिली रीत नियमात घातली आणि जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून दुसरीही राहू दिली. दोन्ही वैध. दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या. आणि त्यांना परस्परांशी समान मानावे असा नियम मात्र कोठेही नाही. मजकुराचे जे प्रमाणित 'सामान्यीकरण' संगणक करतात, त्यानेही या दोन रीती एक होत नाहीत.

त्यात तो अदृश्य जोडक मोठा अल्पायुषी. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना 'निरुपयोगी अदृश्य चिन्हे' गाळण्याची अनेक आज्ञावल्यांना खोड असते. जोडक गळाला की उरतो र, हलन्त आणि ह, म्हणजे रफार. 'वर्हाड' जन्माला आले ते असे. 'शेतकर्यांना' हेही तसेच.

हे दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 'शेतकरी' या शब्दाचे सामान्यरूप केले की प्रत्येक वेळी हा आडवा र येतो : शेतकऱ्याने, शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांसाठी. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या नावातच तो आहे. उद्या एखादा अभ्यासक विदर्भातील वृत्तपत्रांच्या डिजिटल अंकांत शेतकऱ्यांचा उल्लेख कोणत्या वर्षी किती वाढला, किती घटला याची मोजदाद करू लागला, तर त्याच्या आलेखातला चढउतार शेतीचा असेल की कळफलक बदलल्याचा? वृत्तपत्राने ज्या वर्षी एक संगणकप्रणाली सोडून दुसरी घेतली, त्या वर्षी शब्दांची संख्या कोसळलेली दिसेल. असा अभ्यासक निष्कर्ष काढील, प्रबंध लिहील. आणि त्याच्या हाती आलेला पुरावा शेतकऱ्यांविषयी काहीच सांगत नसेल.

आता या गोंधळाच्या मुळाशी जाऊ. ते युनिकोडच्या आधीचे आहे.

नागपूरच्या प्रताप नगरातल्या, किंवा शेजारच्या खामला-त्रिमूर्ती नगरातल्या, एखाद्या डीटीपीच्या दुकानात आजही जुन्या रेमिंग्टन कळफलकावर भरभर चालणारी बोटे दिसतात. 'कृतिदेव'सारख्या फॉन्टमध्ये ती बोटे 'विदर्भ' हा शब्द सहा कळांत लिहितात : एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती आधी, कारण कागदावर ती व्यंजनाच्या डावीकडे असते. ओ म्हणजे व. एन म्हणजे द. मोठा एच म्हणजे अर्धा भ. त्याला के हा काना दिला की भ पुरा होतो. सर्वांत शेवटी मोठा झेड, म्हणजे रफार. युनिकोडमध्येही हा शब्द सहाच घटकांचा आहे : व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. सहा आणि सहा. पण जुळणी पाहावी तर एक द सोडता जागच्या जागी काहीच लागत नाही. वेलांटी पहिली होती ती दुसरी झाली. रफार सर्वांत शेवटी होता तो भच्या आधी गेला आणि एकाचे दोन घटक झाला. अर्धा भ आणि काना या दोन कळांचे एकच अक्षर झाले.

पहिली रीत डोळ्यांची आहे, दुसरी कानांची. टंकयंत्राचा गाडा डावीकडून उजवीकडे सरकतो. म्हणून जे डावीकडे दिसते ते आधी ठोकावे लागते, आणि रफार, अनुस्वार, उकार यांच्या कळा गाडा न सरकवता मागल्या अक्षरावर वा त्याखाली खूण उमटवतात. जगभरच्या टंकयंत्रांवरील या 'मृत कळा' मराठी टंकलेखकाच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. संगणक आला तेव्हा टंकयंत्राची हीच रीत फॉन्टमध्ये उतरली, कारण प्रशिक्षित बोटे हेच त्या काळचे खरे भांडवल होते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेतील मराठी ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट ही प्रमाणपत्रे म्हणजे कारकुनाच्या नोकरीचा दरवाजा. तो दरवाजा ज्या कळफलकाने उघडतो, तो कोणी सहज सोडत नाही. इनस्क्रिप्ट हा शास्त्रशुद्ध, सर्व भारतीय लिप्यांना समान कळफलक १९८६ पासून उपलब्ध असूनही रेमिंग्टन टिकला, तो अडाणीपणामुळे नव्हे, पोटामुळे. जुन्या फॉन्टांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

या फॉन्टांनी केले काय, तर संगणकाला फसवले. संगणकाच्या मते फाइलीत रोमन अक्षरेच आहेत. त्या अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले आहेत. मुखवटा हरवला, म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट त्या यंत्रावर नसला, की विदर्भाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर त्या फाइलीत एकटा नसतो. फाइल आणि फॉन्टचे कोष्टक मिळून मजकूर होतो. पुण्यातील सी-डॅकची प्रणाली निराळी, पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीची निराळी, कृतिदेवची निराळी. एकाच वाक्याची त्या तिन्हींतील फाइल उघडी करून पाहिली, तर तीन वेगळ्या गुप्तलिप्या वाटाव्यात.

कळांचा क्रम म्हणजे अक्षर, ही कल्पना मराठीपुरती नाही. १९८३ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-२२० टर्मिनलबरोबर जो कळफलक आणला, त्यावर 'कंपोझ' नावाची एक कळ होती. ती दाबून पुढे दोन कळा दाबल्या की दोहोंच्या संयोगाने तिसरेच अक्षर उमटे. युरोपीय भाषांतील स्वरचिन्हांकित अक्षरे अशी लिहिली जात. जोडाक्षरांत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पुढे युनिक्स आणि लिनक्सच्या जगात ही कल्पना एका साध्या मजकूरफाइलीत उतरली. हजारो ओळींची ती फाइल. एकेक ओळ म्हणजे एकेक नियम. डावीकडे कळांचा क्रम, मध्ये दोन टिंबे, उजवीकडे उमटणारे अक्षर. आपली स्वतंत्र फाइल लिहिण्याची मुभा प्रत्येकाला. 'कंपोझ, मग र, मग ह : ऱ्ह' अशी ओळ कोणीही आपल्या फाइलीत घालू शकतो, आणि वऱ्हाडचे दुखणे निदान स्वतःपुरते दूर करू शकतो. विशेष म्हणजे या नियमांच्या उजव्या बाजूस एकच अक्षर असावे असे बंधन नाही. अक्षरांची पूर्ण माळ चालते. मराठीला नेमके हेच हवे असते.

अशी फाइल एका प्रणालीतून दुसरीत नेणे ही तासाभराची कारकुनी, असे मानणाऱ्यांनी ती एकदा नेऊन पाहावी.

पहिली अडचण अगदी इतिहासकाराच्या ओळखीची आहे. माणसाच्या खासगी फाइलीत बहुधा वरच एक ओळ असते : 'प्रणालीची मूळ फाइल येथे समाविष्ट करावी.' कोणती मूळ फाइल? त्या यंत्रावर, त्या भाषेच्या व्यवस्थेत, त्या वेळी जी असेल ती. म्हणजे हा दस्तऐवज दुसऱ्या दस्तऐवजाकडे बोट दाखवतो, आणि तो दुसरा जागोजागी आणि काळागणिक बदलत असतो. 'मागील पत्री लिहिल्याप्रमाणे' असे म्हणणारे पेशवे दप्तरातील पत्र हाती यावे आणि मागील पत्र गहाळ असावे, तसेच हे. फाइलीची प्रत जपली, पण ती कोणत्या यंत्रावर चालत होती हे नोंदवले नाही, तर निम्मा अर्थ गेला.

दुसरी अडचण नावांची. या व्यवस्थेत ग्रीक, अरबी, हिब्रू अक्षरांच्या कळांना स्वतःची नावे आहेत. देवनागरीला केवळ युनिकोडचा क्रमांक. हा अपमान वगैरे नव्हे, त्या काळच्या बाजारपेठेची ती नोंद आहे. पण म्हणूनच देवनागरीचा नियम वाचणाऱ्याला शेजारी युनिकोडचा तक्ता उघडून बसावे लागते.

तिसरी अडचण खरी मौजेची. ध्वन्यात्मक टंकलेखनात, ॐकार जोशी यांच्या 'गमभन'ने मराठी माणसाला ज्याची गोडी लावली त्यात, के या कळेने क् उमटतो आणि पुढे एच आला की त्याचा ख् होतो. आधीचे पुसून नवे लिहिले जाते. कंपोझची यंत्रणा पुसत नाही. क्रम पुरा झाला की ती अक्षर देऊन मोकळी होते. मग 'के म्हणजे क' आणि 'के-एच म्हणजे ख' हे दोन्ही नियम एकत्र नांदूच शकत नाहीत. एक दुसऱ्याला गिळतो. रूपांतर करणारी आज्ञावली येथे तक्रार न करता एखादा नियम गाळून पुढे गेली, तर वापरणाऱ्याला ते महिनोन् महिने कळतही नाही. विंडोजच्या मृत कळेची व्यथा याच्या उलट : तिच्यातून एका वेळी एकच संकेतांक बाहेर पडू शकतो. तेव्हा 'ऱ्ह' देणारा नियम तेथे मृत कळेत मावणारच नाही. इनस्क्रिप्टमध्ये अंकांच्या ओळीत शिफ्टसह क्ष, ज्ञ, त्र, श्र आहेत. युनिकोडच्या हिशेबी त्या प्रत्येकात तीन तीन संकेतांक. शाळेच्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ ही सरळ एकेक अक्षरे, राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही त्यांना विशेष संयुक्त व्यंजने म्हणून मानाचे स्थान, आणि एक कळ म्हणजे एक संकेतांक असे मानणाऱ्या प्रणालीच्या कोष्टकात मात्र त्यांना जागाच नाही.

प्रत्येक रूपांतरात काहीतरी गळते, आणि गळते ते बहुधा मराठीचे खास वैशिष्ट्यच. कारण जे सर्वसामान्य आहे त्याची तरतूद सर्वांनी केलेली असते. हिंदीसाठी घडवलेल्या कन्व्हर्टरकडून आडव्या रची अपेक्षा कशी करावी? 'ॲ'चेही तसेच झाले. 'ॲडव्होकेट' मराठीत शतकभर तरी लिहिला जात असेल, पण 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर कोणी अवर चंद्र ठेवून काम भागवले, कोणी हिंदीतील 'ऍ' उसना घेतला. नागपूरच्या न्यायालयाबाहेर टंकलेले २००५ चे कागद आणि २०१५ चे कागद या एका अक्षरावरून वेगळे ओळखता येतील. येथे जरा थांबायला हवे. हा दोष नव्हे, हा पुरावा आहे. एखाद्या फाइलीवर तारीख नसेल, तर ती २००८ पूर्वीची की नंतरची याचा अंदाज या अक्षराच्या संकेतांकावरून बांधता येतो, जसा कागदाच्या जलचिन्हावरून बांधता येतो. सगळे 'ॲ' एकसारखे करून देणारा कन्व्हर्टर हा पुरावा पुसून टाकतो, आणि वर 'मजकूर शुद्ध केला' असे म्हणवून घेतो.

शुद्धीकरणाचा हा सोस सर्वांत घातक ठरतो तो लिपिसुधारणेच्या काळातील मजकुरात. सावरकरांनी अची बाराखडी पुरस्कारली : इ-ई-उ-ऊ या स्वतंत्र स्वरांऐवजी अलाच वेलांट्या आणि उकार. खिळ्यांची संख्या घटावी, यंत्रावर लिपी सुटसुटीत व्हावी, हा हेतू. काका कालेलकरांचे प्रयत्नही त्याच दिशेने होते. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्यात १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत 'अिस', 'अुस' अशी रूपे छापलेली आढळतात. त्या रूपांत एक राजकीय-सांस्कृतिक भूमिका आहे, एक पराभूत झालेली सुधारणा आहे. आता ही पाने संगणकावर येतील तेव्हा शुद्धलेखन-तपासनीस 'अिस'चे 'इस' करील, 'अुस'चे 'उस' करील. वाचकाला स्वच्छ मजकूर मिळेल. आणि अशी एक चळवळ वर्ध्यात होऊन गेली, हे त्या मजकुरावरून कोणालाही कळणार नाही.

गंमत अशी, की जुन्या फॉन्टमधील मजकुरात 'अा' हेही अ आणि काना अशा दोन घटकांत सापडते. ते मात्र सुधारणावाद्याने लिहिलेले नसते. टंकयंत्रावर 'आ' लिहिण्याची रीतच ती होती. एकच दृश्य, दोन कारणे. यंत्राला हा फरक कळणे शक्य नाही. कोष्टक आणि फाइलीचा इतिहास हाताशी असेल तर माणसाला कळू शकतो.

मोडी वाचणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सर्वसाधारणपणे पाळला जात नाही. बालबोधीत उतरवताना तो लिहिणाऱ्याला ठरवावा लागतो. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाने एक शिस्त अंगी बाणवली : उतारा वेगळा, संपादकाचा तर्क वेगळा, आणि मूळ कागद कोठे आहे याची नोंद. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, तरी मोडी कागद जाळून टाकावेत असे कोणी सुचवले नाही. मग १९९० ते २०१० या वीस वर्षांत जुन्या फॉन्टांत जे मराठी लिहिले गेले, ते शिळे अन्न असल्यासारखे का वागवले जाते? स्मरणिका, संस्थांचे अहवाल, शेकडो कुलवृत्तांत, गावोगावच्या साप्ताहिकांचे अंक, साहित्य संमेलनांच्या पत्रिका यांच्या मूळ प्रती फाइलींत आहेत. इतिहासप्रेमी तरुण सतराव्या शतकातील एका फर्मानाच्या ओळीवरून समाजमाध्यमांवर रात्रभर भांडतात, आणि स्वतःच्या जन्माच्या वर्षी छापलेले पुस्तक ज्या फाइलीत आहे ती 'करप्ट झाली' म्हणून पुसून टाकतात. ती करप्ट नसते. तिचा फॉन्ट हरवलेला असतो.

आक्षेप ठाऊक आहेत. मोठी शोधयंत्रे आता असे भेद बऱ्याच अंशी आपोआप सांभाळतात, हा पहिला. सांभाळतात, परंतु ग्रंथालयाच्या सूचीचा शोध, जुन्या पीडीएफमधील शोध, अभ्यासकाने स्वतः लिहिलेली मोजणीची आज्ञावली ही सारी शोधयंत्राच्या कृपेवर चालत नाहीत. शिवाय शोधासाठी भेद मिटवणे आणि मूळ मजकुरातून भेद मिटवणे यांत फरक आहे. सूचीत सारी वऱ्हाडे एका नोंदीखाली आणावीत, अवश्य आणावीत. मजकुरात मात्र जो वऱ्हाड जसा आला तसा राहू द्यावा. दुसरा आक्षेप असा, की कृत्रिम बुद्धिमत्ता संदर्भावरून सारे बरोबर करून देईल. संदर्भावरून 'बरोबर' करणे म्हणजेच तर तर्क. तो केल्याची खूण न ठेवता केलेला तर्क इतिहासात कोणत्या नावाने ओळखला जातो, हे येथे सांगण्याची गरज नाही. तिसरा आक्षेप अभिमानाचा : देवनागरी ही जगातील सर्वांत शास्त्रीय लिपी, संगणकासाठी सर्वोत्तम, 'नासा'नेही मान्य केलेली. ज्या लेखावर ही दंतकथा उभी आहे, तो रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा लेख संस्कृत व्याकरणातील अर्थाच्या मांडणीविषयी होता. रफार आधी साठवावा की नंतर, याविषयी त्यात काही नाही. अभिमानाने कळफलकाचे कोष्टक जुळत नसते.

व्यवहाराचा आक्षेप तेवढा वजनदार आहे. डीटीपीवाल्याला पानामागे पैसे मिळतात. त्याने संग्रहपाल का व्हावे? त्याने होऊ नये. पण काम सोपवणाऱ्याने तरी चार गोष्टी मागाव्यात. समजा, प्रताप नगरातल्या एखाद्या घरी २००१ साली छापलेल्या कुलवृत्तांताची सीडी निघाली. नवी आवृत्ती काढायची आहे, मजकूर युनिकोडमध्ये हवा आहे. कन्व्हर्टरने निघालेला मजकूर तर घ्यावाच. पण मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, तिच्यातील फॉन्टची फाइल तिच्या पूर्ण नाव-क्रमांकासह ठेवावी, आणि रूपांतरासाठी जे कोष्टक वापरले ते साध्या मजकूरफाइलीत, तारखेसह ठेवावे. कोष्टक काही किलोबाइटांचे असते. घरातल्या एका छायाचित्राहूनही लहान. कन्व्हर्टर आपले कोष्टक दाखवत नसेल, तर दुसरा शोधावा. मग त्या कुटुंबातील 'कुऱ्हाडे' की 'कुर्हाडे', 'बऱ्हाणपूर' की 'बर्हाणपूर', अशा नावांची यादी छापील प्रतीशी हाताने ताडून पाहावी. एका दुपारचे काम आहे.

संस्थांकडे दुपारी अधिक असतात. विद्यापीठांनी, साहित्य संस्थांनी आणि वृत्तपत्रांनी आपल्याकडील जुन्या प्रणालींची कोष्टके खुली करावीत. त्यांतील अनेक प्रणाली संगणकाला जोडायच्या हार्डवेअर लॉकवर चालत. तो लॉक बिघडला की कार्यक्रम उघडत नाही, आणि कार्यक्रम उघडला नाही की त्याच स्वरूपातील फाइली वाचता येत नाहीत. असे लॉक टेबलांच्या खणांतून भंगारात जात आहेत. ज्या कर्मचाऱ्यांना कोणत्या वर्षी कोणती प्रणाली होती, कोणत्या कळेवर आडवा र बसवून घेतला होता आणि फॉन्टमध्ये नसलेल्या जोडाक्षराला कोणती युक्ती योजली जात असे हे तोंडपाठ आहे, ते निवृत्तीच्या वयाला येऊन ठेपले आहेत. तोंडी इतिहासाचे ध्वनिमुद्रण करत फिरणाऱ्या तरुणांनी पुढच्या भेटीत एखाद्या निवृत्त टंकलेखकाला एवढाच प्रश्न विचारावा : 'वऱ्हाड' लिहिताना बोट कोठे जायचे?